'अ‍ॅरोस्मिथ' : औषध संशोधनातील मूलभूत आणि उपयोजित यांची सीमारेषा

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्राच्या क्षेत्रात 'मूलभूत' आणि 'उपयोजित' ही दोन विशेषणे इतक्या सहजपणे वापरली जातात की, त्यांच्यामागे एखादी स्थिर, निर्विवाद विभागणी आहे असा समज व्हावा. रोगजंतूचे स्वरूप जाणून घेणे हे मूलभूत आणि त्या जंतूवर औषध शोधणे हे उपयोजित, अशी ढोबळ मांडणी पाठ्यपुस्तकांतून केली जाते. तिला जोडूनच एक मूल्यनिर्णयही येतो : पहिले श्रेष्ठ व निरपेक्ष, दुसरे गरजेचे परंतु काहीसे व्यापारी. या मूल्यनिर्णयाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कृतींमध्ये सिंक्लेअर लुईस या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'अ‍ॅरोस्मिथ' (१९२५) या कादंबरीचे स्थान फार वरचे आहे. संशोधकाला नायकपद देणारी ही एक आरंभीची महत्त्वाची कादंबरी होय. १९२६ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले आणि लुईसने ते नाकारले. १९३० मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक ठरला.

ही कादंबरी शुद्ध विज्ञानाचे स्तोत्र म्हणून वाचण्याची प्रथा आहे. कादंबरीतील पात्रेही तिचा अर्थ तसाच लावतात. परंतु पात्रांचे म्हणणे आणि कथानकात प्रत्यक्ष घडणाऱ्या घटना यांच्यात मोठी तफावत आहे. प्रस्तुत लेखात ही तफावत तपासली असून, कादंबरीतील प्रसंगांशी थेट नाते सांगणाऱ्या मुंबई, आसाम व पिंपरी येथील काही घटनांच्या आधारे तिच्या भूमिकेची मर्यादा दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

कादंबरीची घडण

लुईस स्वतः वैज्ञानिक नव्हता. प्रयोगशाळेचा सगळा तपशील त्याला पॉल द क्रुइफ या जंतुशास्त्रज्ञाकडून मिळाला. द क्रुइफ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत होता. वैद्यकीय व्यवसायावरील त्याच्या बोचऱ्या लेखनामुळे १९२२ मध्ये त्याला संस्था सोडावी लागली. पुढे १९२६ मध्ये 'मायक्रोब हंटर्स' हे त्याचे पुस्तक जगभर गाजले. 'अ‍ॅरोस्मिथ'च्या उत्पन्नात त्याचा पाव हिस्सा होता, मात्र मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून त्याचे नाव आले नाही. कादंबरीतील मॅकगर्क संस्थेच्या वर्णनात जो विखार जाणवतो, त्याचा उगम या पूर्वपीठिकेत शोधता येतो. नायकाचा गुरू मॅक्स गॉटलिब हे पात्र घडवताना जॅक लोब या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची छाया लेखकासमोर होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कथानक थोडक्यात असे. विनेमॅक या काल्पनिक राज्यातील विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी असलेला मार्टिन अ‍ॅरोस्मिथ गॉटलिबच्या प्रभावाखाली येतो. लिओरा या परिचारिकेशी विवाह झाल्यावर तो नॉर्थ डाकोटातील एका खेड्यात डॉक्टरकी करतो, मग आयोवातील एका शहराच्या आरोग्य खात्यात काम करतो, काही काळ शिकागोच्या एका श्रीमंत दवाखान्यात घालवतो आणि शेवटी न्यूयॉर्कच्या मॅकगर्क संस्थेत गॉटलिबजवळ पोहोचतो. आयोवातील आरोग्याधिकारी पिकरबॉ, त्याच्या आरोग्यविषयक कविता आणि त्याचे आरोग्य सप्ताह हा भाग विनोदी असून थोडा लांबलेला आहे. सप्ताह साजरे करण्याची सवय असलेल्या कोणत्याही महाविद्यालयातील वाचकाला मात्र तो लांबलेला वाटणार नाही.

गॉटलिब आणि औषध कंपनी

मूलभूत व उपयोजित यांच्यातील द्वंद्व कादंबरीत सर्वप्रथम ठळकपणे येते ते गॉटलिबच्या प्रकरणात. विद्यापीठातील वैद्यक शाखेची पुनर्रचना करण्याचा आग्रह धरल्यामुळे त्याची नोकरी जाते. आयुष्यभर ज्या औषध कंपन्यांची त्याने टिंगल केली, त्यांपैकीच एका कंपनीत, पिट्सबर्गच्या हुन्झिकर आणि कंपनीत, त्याला नोकरी पत्करावी लागते. ही वार्ता कळल्यावर मार्टिनसह त्याच्या चाहत्यांना आपले दैवत भ्रष्ट झाल्यासारखे वाटते.

येथे लुईसने एक महत्त्वाचा तपशील नोंदवला आहे, आणि तो त्याच्या स्वतःच्या सिद्धान्ताला छेद देणारा आहे. विद्यापीठापेक्षा या कंपनीत गॉटलिबला अधिक चांगली प्रयोगशाळा मिळते आणि प्रारंभी अधिक शांतताही मिळते. प्राण्याच्या शरीराबाहेर, काचपात्रात प्रतिविष तयार करण्याच्या दिशेने त्याचे काम तेथेच पुढे सरकते. संघर्ष उद्भवतो तो नंतर, ते प्रतिविष बाजारात कधी आणायचे या मुद्द्यावर. कंपनीला पेटंट आणि विक्री ताबडतोब हवी आहे, तर गॉटलिबला आपली पद्धत पूर्णपणे तपासून पाहण्यासाठी वेळ हवा आहे. कंपनीतील संशोधन 'अशुद्ध' असल्याचा पुरावा येथे कुठेच मिळत नाही. वाद आहे तो पुराव्यासाठी थांबण्याचा.

भारतीय वाचकासाठी या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या बाबतीत केवळ निर्मितिप्रक्रियेला पेटंट दिले, औषधाला दिले नाही. २००५ मध्ये ही स्थिती बदलली. मधल्या तीन दशकांत भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ज्ञात औषधे नव्या मार्गाने तयार करण्याचे जे कौशल्य मिळवले, त्याला 'नक्कल' म्हणून हिणवणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. गॉटलिबच्या श्रेणीक्रमात या रसायनशास्त्रज्ञांना बहुधा तळाची पायरी मिळाली असती. परंतु एखाद्या रेणूपर्यंत पोहोचण्याचा नवा, स्वस्त व सुरक्षित मार्ग शोधण्यासाठी लागणारे रसायनशास्त्र कमी प्रतीचे कसे ठरते, याचे उत्तर हा श्रेणीक्रम देत नाही.

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याचे मुख्य काम पेनिसिलिनचे उत्पादन हे होते. तरीही एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील संशोधन विभागात मातीतील सूक्ष्मजीवांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि एका नव्या सूक्ष्मजीवापासून 'हामायसिन' हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळवले. त्या सूक्ष्मजीवाला दिलेले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' हे नाव गावाची ओळख शास्त्रीय परिभाषेत कायम करून गेले. मातीतील जीवांचे वर्गीकरण हे मूलभूत काम म्हणावे, बुरशीवरील औषध हे उपयोजित म्हणावे, आणि दोन्ही एकाच कारखान्यात, त्याच माणसांच्या हातून घडले. कारखान्याची पुढील काळातील आर्थिक वाताहत हा स्वतंत्र विषय आहे. हुन्झिकरच्या प्रकरणावरून लुईस सुचवतो तसा कारखाना आणि मूलभूत जिज्ञासा यांच्यात जन्मजात विरोध असल्याचे मात्र पिंपरीच्या अनुभवावरून म्हणता येत नाही.

प्रकाशनाची घाई

मॅकगर्क संस्थेत मार्टिनला जंतूंना मारणारे एक अज्ञात तत्त्व सापडते. आपल्याला नेमके काय सापडले आहे, हे त्याला पूर्णपणे उलगडलेले नसते. संचालक टब्स यांना मात्र सुगावा लागताच प्रसिद्धीची घाई होते. ते ताबडतोब शोधनिबंध मागतात आणि मोठ्या पदाचे आमिष दाखवतात. मार्टिन वेळ मागून घेतो. मग एके दिवशी गॉटलिबच त्याला सांगतो की, पाश्चर संस्थेच्या डी'हेरेल याने हाच शोध प्रसिद्ध केला असून त्याला 'बॅक्टेरिओफाज' असे नाव दिले आहे. त्यासरशी टब्स यांचा उत्साह मावळतो आणि पदाची गोष्टही विरून जाते.

फेलिक्स डी'हेरेल ही खरी व्यक्ती असून त्याचा शोधनिबंध १९१७ चा आहे. त्याच्याही दोन वर्षे आधी इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट याने हीच घटना नोंदवली होती आणि १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिनने गंगा-यमुनेच्या पाण्याच्या पटकीच्या जंतूंवरील परिणामाविषयी लिहिले होते. म्हणजे काल्पनिक मार्टिनच नव्हे, खरा डी'हेरेलही अग्रक्रमाच्या बाबतीत सर्वस्वी निश्चिंत नव्हता.

या प्रसंगात लुईसचा प्रामाणिकपणा दिसतो. गुरूच्या मूल्यांशी निष्ठा राखल्याबद्दल नायकाला कोणतेही बक्षीस मिळत नाही. तो हरतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण दिले, तेव्हापासून पदोन्नतीच्या तक्त्यात बसणाऱ्या प्रकाशनांची संख्या भारतीय महाविद्यालयांत किती वेगाने वाढली, हे प्राध्यापकवर्गाला सांगण्याची गरज नाही. टब्स यांना ती नियमावली मनापासून आवडली असती. त्या गुणपत्रिकेत संशोधन मूलभूत की उपयोजित हे कोणी विचारीत नाही, आणि संशोधक निष्कर्षासाठी किती थांबला याला तर रकानाच नाही.

सेंट ह्युबर्ट बेटावरील चाचणी

कादंबरीचा गाभा म्हणजे वेस्ट इंडिजमधील सेंट ह्युबर्ट या काल्पनिक बेटावरील प्लेगची साथ. मार्टिनने प्लेगच्या जंतूंवर परिणाम करणारा फाज तयार केला आहे. तो माणसांवर उपयोगी पडतो का, हे पाहण्यासाठी एकाच प्रदेशातील निम्म्या लोकांना फाज द्यायचा व निम्म्यांना द्यायचा नाही, अशी योजना तो आखतो. गॉटलिबने त्याच्याकडून तसे वचनच घेतलेले असते. सोंडेलियस हा स्वीडिश साथप्रतिबंधक त्याच्याबरोबर जातो. सर्वांना फाज मिळत नाही तोवर आपणही तो टोचून घेणार नाही, अशी भूमिका तो घेतो आणि प्लेगने मरण पावतो. मार्टिन दूर असताना जंतू सांडलेल्या सिगारेटमुळे लिओरालाही संसर्ग होतो व ती एकटीच मरते. दुःखाने बेभान झालेला मार्टिन ब्लॅकवॉटर शहरात मागेल त्याला फाज देऊ लागतो.

येथे एक तपशील लक्षात घ्यावयास हवा, कारण कादंबरीच्या सारांशांत तो सहसा गळतो. सेंट स्विदिन्स या परगण्यात रीतसर सुरू झालेली चाचणी मार्टिन मोडत नाही. ती तो डॉ. स्टोक्स या स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती सोपवतो. म्हणजे वचनभंग सर्वत्र होत नाही. जेथे आपण स्वतः उभे असतो तेथे करुणा, आणि जेथे दुसरा उभा असतो तेथे पद्धतशीरपणा, अशी ती वाटणी आहे. शुद्ध विज्ञानाचा नायक तत्त्व पाळण्याचे काम दुसऱ्याकडे देऊन मोकळा होतो. या कृतीवर लुईस फारसे भाष्य करीत नाही. त्याने ते केले असते तर कादंबरीची दिशाच बदलली असती. पुढे साथ ओसरते. तिचे श्रेय फाजला द्यावे की नाही याविषयी मार्टिन साशंक राहतो आणि संस्थेला मात्र यशाची वार्ता हवी असते.

या चाचणीला कोणत्या कप्प्यात ठेवायचे? तिचा हेतू औषधाचा उपयोग तपासणे हा आहे, म्हणून ती उपयोजित. परंतु संपूर्ण कादंबरीत पद्धतीची सर्वाधिक कठोर कसोटी लागते ती येथेच. गॉटलिबच्या काचपात्रातील प्रयोगांत चूक झाली तर प्रयोग पुन्हा करता येत होता. सेंट स्विदिन्समध्ये प्रत्येक दिवसाच्या प्रतीक्षेची किंमत कोणीतरी प्राणाने मोजत होते. वैद्यकीय संशोधनाला हा पेच पुढे वारंवार भेटला. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. औषधाचा साठाच अपुरा असल्याने काही रुग्णांना ते न देण्याचे नैतिक समर्थन तेव्हा करता आले. २०२०-२१ मध्ये कोविडच्या लसी परिणामकारक ठरल्यानंतर तुलनागटातील स्वयंसेवकांना खरी लस केव्हा द्यावी, यावर जगभर चर्चा झाली. सोंडेलियसचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही निकाली निघालेला नाही.

ज्यांच्यावर प्रयोग झाला ते

कादंबरीतील सर्वांत मोठी उणीव या चाचणीच्याच भागात आहे. बेटावरील बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवासी हे कथानकात जवळजवळ मूक आहेत. ऑलिव्हर मर्चंड हा सुविद्य कृष्णवर्णीय डॉक्टर येतो, मार्टिनला आश्चर्यचकित करतो व बाजूला सरतो. कोणाला फाज द्यावा याविषयी गव्हर्नर, मळेवाले, वैद्यकीय मंडळ आणि पाहुणा संशोधक वाद घालतात. ज्यांच्या दंडात सुई जाणार वा जाणार नाही, त्यांना कोणीही विचारीत नाही. माणसांवरील प्रयोगांसाठी संमती आवश्यक मानणारी हेलसिंकी घोषणा १९६४ ची असल्याने लुईसला या बाबतीत दोष देणे काळाशी विसंगत ठरेल, असा युक्तिवाद करता येईल. परंतु ज्या कादंबरीकाराने बनिया वृत्तीच्या डॉक्टरांची एकही लबाडी सोडली नाही, त्याच्या नजरेतून हे सुटावे, हे नोंदवणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

असे प्रसंग प्रत्यक्षात कसे घडले, याची उत्तम नोंद मुंबईच्या इतिहासात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली असता लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना केली. कैद्याचा 'स्वेच्छा' होकार कितपत स्वेच्छेचा, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. तरीही संशोधकाने पहिली जोखीम स्वतःच्या शरीरावर घेतली, हे मार्टिनच्या गोष्टीत दिसत नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना जबाबदार धरून पदावरून दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेतील नसून गावात बाटली उघडतानाचा असावा, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उघडपणे मांडली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले, नेमके 'अ‍ॅरोस्मिथ' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी.

मार्टिनच्या गोष्टीत आणि हाफकिन यांच्या चरित्रात प्लेग, लस अथवा फाज, तुलनागट, मृत्यू हे सगळे समान आहे. फरक पुढच्या भागात आहे. हाफकिन यांना मुल्कोवालच्या मृत्यूंचा जाब वर्षानुवर्षे द्यावा लागला. तो अन्यायाचा होता, परंतु प्रयोगशाळेतून निघालेली बाटली गावात पोहोचेपर्यंतची प्रत्येक पायरी संशोधनाचाच भाग आहे, हे त्या चौकशीमुळे अधोरेखित झाले. बाटलीचे बूच, चिमटा, गावातली धूळ या गोष्टींना 'उपयोजित' म्हणून दुय्यम लेखणे त्यानंतर कोणाही शहाण्या माणसाला शक्य नव्हते.

कादंबरी आल्यानंतर अवघ्या काही वर्षांत तिच्यातील कल्पना भारतात प्रत्यक्ष उतरल्या. १९२७ मध्ये स्वतः डी'हेरेलने भारतात पटकीवर फाजचे प्रयोग केले. त्यानंतर आसामात झालेल्या दीर्घ चौकशीत नौगाव भागात फाज वाटण्यात आला आणि तुलनेसाठी हबीगंज भाग घेण्यात आला. सेंट स्विदिन्सची योजनाच जणू येथे दोन जिल्ह्यांच्या प्रमाणात मांडली गेली. फरक असा की, पटकीचे प्रमाण मुळातच वर्षागणिक कमीजास्त होत असल्याने दोन दूरच्या भागांची तुलना निर्णायक ठरणे कठीण होते. प्रतिजैविकांच्या आगमनानंतर पाश्चात्त्य वैद्यकाने फाज जवळजवळ विसरून टाकला. जॉर्जियातील तिबिलिसी येथे मात्र तो वापरात राहिला आणि आज प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे पुन्हा संशोधनाच्या केंद्रस्थानी येत आहे.

शेवटाविषयी

न्यूयॉर्कला परतल्यावर मार्टिन जॉयस लॅनियन या श्रीमंत विधवेशी विवाह करतो, संचालकपदाचा मोह टाळतो आणि अखेर पत्नी व लहान मुलगा यांना सोडून टेरी विकेट या सहकाऱ्याबरोबर व्हरमाँटच्या जंगलातील एका झोपडीवजा प्रयोगशाळेत जातो. बहुतेक वाचक या शेवटाला मुक्ती मानतात. तो फारसा पटण्याजोगा नाही. जंगलातील त्या प्रयोगशाळेचा खर्च भागवण्यासाठी टेरीला रक्तजल तयार करून विकावे लागते. हुन्झिकर कंपनी जे करीत होती, तेच लहान प्रमाणात. व्यापारापासून पळून जाण्याचा खर्चही व्यापारच भागवतो, आणि लुईसला ही विसंगती दिसली असूनही तो तीवर थांबत नाही. शिवाय या जंगलात लिओरासारखी प्रश्न विचारणारी व्यक्ती नाही, विद्यार्थी नाहीत, आणि ज्यांच्यासाठी औषध आहे ते रोगी तर मुळीच नाहीत.

कादंबरीच्या अखेरीस मार्टिन आणि टेरी क्विनाइनपासून बनवलेल्या नव्या संयुगांवर काम करीत असतात, आणि त्यातून काही हाती लागेल की नाही याची त्यांना खात्री नसते. या अनिश्चिततेचे वर्णन लुईसने जिव्हाळ्याने केले आहे. परंतु ज्या क्विनाइनपासून ही संयुगे बनत होती, ते बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून एका पैशाच्या पुडीत विकले जात होते. सिंकोनाच्या सालीपासून त्या पुडीपर्यंतच्या वाटेवर वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, मळ्यातील मजूर आणि पोस्टमास्तर असे सगळेच होते. व्हरमाँटच्या झोपडीत तयार झालेले संयुग चांगले निघालेच, तर त्याची पहिली मात्रा कोणाला, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या तुलनागटासमोर द्यायची, हा प्रश्न कादंबरी संपते तेव्हा त्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलेला नाही.